कामाच्या ठिकाणच्या पर्यावरणस्नेही सवयी: नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

नोकरदार माणूस दिवसाचे आठ-नऊ तास कामाच्या ठिकाणी असतो, पण तिथल्या विजेचे बिल त्याच्या खिशातून जात नाही. घरी खोलीबाहेर पडताना न विसरता पंखा बंद करणारी व्यक्ती कार्यालयात तोच पंखा चालू ठेवून जेवायला जाते. याला बेफिकिरी म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कार्यालयातले बटण कोणाचे हे ठरलेले नसते, बिल लेखा शाखेत येते आणि तिथेच भरले जाते, आणि वीज वाचवणे कोणाच्याही कामाच्या यादीत नसते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या पर्यावरणस्नेही वागणुकीचा विचार घरगुती काटकसरीपासून वेगळा करावा लागतो.

या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी तशी अलीकडची आहे. डेनिझ ओनेस आणि स्टेफन डिल्चर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2012 च्या सुमारास कर्मचाऱ्यांच्या अशा वागणुकीचे पाच गट केले: साधने जपून वापरणे, हानी टाळणे, कामाची पद्धत बदलणे, इतरांना प्रवृत्त करणे आणि स्वतः पुढाकार घेणे. पुढच्या अभ्यासकांनी त्यात आणखी एक भेद महत्त्वाचा मानला. काही वागणूक नोकरीचा भाग असते; रुग्णालयातील परिचारिकेने वापरलेली सुई ठरलेल्या डब्यातच टाकायची असते. काही वागणूक ऐच्छिक असते. शेजारच्या रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे कोणी सांगितलेले नसते. पहिली नियमाने आणि प्रशिक्षणाने घडते. दुसरीला वरिष्ठांचे वागणे, सहकाऱ्यांची रीत आणि कार्यालयाची रचना यांचा आधार लागतो. शासकीय अभियानांत हे दोन्ही प्रकार सर्रास एकत्र केले जातात आणि ऐच्छिक गोष्टीही परिपत्रकानेच होतील असे धरले जाते.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे सहा तालुके, 2011 च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि त्यातील सुमारे 69 टक्के आदिवासी. मोठे उद्योग थोडे आहेत. त्यामुळे इथे पगारी नोकरी म्हटले की मुख्यतः शासकीय आणि निमशासकीय नोकरी डोळ्यांसमोर येते: टोकर तलाव रस्त्यावरचे जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद, तहसील व पंचायत समित्या, नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये, आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, एसटीचे आगार, वनखाते. त्यांच्या जोडीला साखर कारखाने, नवापूरचे कुक्कुटपालन आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी. मुंबई-पुण्यातील काचेच्या इमारतींसाठी लिहिलेली ‘हरित कार्यालया’ची पुस्तिका इथे जशीच्या तशी चालत नाही. या कार्यालयांचा पर्यावरणावरील भार प्रामुख्याने तीन गोष्टींतून येतो: वाहनांचा प्रवास, कागद आणि उन्हाळ्यातला गारवा.

धोरणांची कमतरता नाही. ‘माझी वसुंधरा’ अभियान राज्याच्या पर्यावरण खात्याने 2 ऑक्टोबर 2020 रोजी पंचमहाभूतांच्या कल्पनेवर सुरू केले. पहिल्या टप्प्यात राज्यातील 686 स्थानिक स्वराज्य संस्था होत्या आणि नागरिकांनी व कर्मचाऱ्यांनी हरित शपथ घेणे हा त्याचा एक भाग होता. ‘लाइफ’ म्हणजे पर्यावरणपूरक जीवनशैलीचे राष्ट्रीय अभियान 20 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातेतील केवडिया येथे सुरू झाले. हे ठिकाण नंदुरबारला परके नाही. तिथल्याच सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. अत्यंत कमी साधनांत जगणाऱ्या समाजातून आलेला शिक्षक किंवा वनरक्षक जेव्हा ‘जपून वापरा’ असा संदेश ऐकतो, तेव्हा त्याच्या मागे हा इतिहास असतो. पळसाच्या पानांची पत्रावळ, मोहाच्या झाडाला न लागणारी कुऱ्हाड, शेतीच्या कामात एकमेकांना हात देण्याची रीत या गोष्टी त्याच्या घरच्या आहेत. त्याला काटकसर शिकवण्याची गरज नसते. कार्यालयात ती करता येईल अशी सोय त्याला हवी असते.

आदेशाने काय होते आणि काय होत नाही, हे राज्याच्या वृक्षलागवड कार्यक्रमातून स्पष्ट दिसते. 2016 मध्ये 2 कोटी झाडांचे लक्ष्य होते, आणि 2017 ते 2019 या तीन वर्षांसाठी 50 कोटींचे लक्ष्य ठेवले गेले. त्यात पहिल्या वर्षी 4 कोटी, मग 13 आणि शेवटी 33 कोटी. प्रत्येक खात्याला उद्दिष्ट वाटून दिले गेले आणि शिक्षकांपासून लिपिकांपर्यंत सगळे पावसाळ्यात खड्ड्यांजवळ उभे राहिले. मोजले गेले ते लावलेले रोप. जगलेल्या झाडांचा प्रश्न पुढे विधिमंडळापर्यंत गेला. कर्मचाऱ्यांनी सांगितलेले काम केले होते; पाणी घालायला उन्हाळ्यात कोण येणार हे मात्र त्या उद्दिष्टात नव्हते. जे मोजले जाते तेच केले जाते, हा प्रशासनातला जुना अनुभव आहे. म्हणून काय मोजायचे हे चुकले की प्रामाणिक कष्टही वाया जातात.

शपथेचेही तसेच आहे. शपथ घेणाऱ्यांची संख्या मोजणे सोपे, पण त्यानंतर वीज किती युनिटने घटली हे त्या आकड्यात नसते. स्वीडनमधील योहान एगेबार्क आणि मॅथियास एकस्ट्रॉम यांनी एका विद्यापीठात केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना कागद वाचवण्याचे आवाहन केले, तेव्हा फरक पडला नाही. मुद्रकाची मूळ मांडणीच बदलून आपोआप दोन्ही बाजूंना छपाई होईल असे केले, तेव्हा कागदाचा वापर सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला. एकाच बाजूला छापण्याची मुभा सर्वांना होती. फक्त त्यासाठी एक कळ जास्त दाबावी लागत होती. हा निष्कर्ष तालुक्याच्या कार्यालयालाही लागू पडतो, कारण तिथला संगणकचालकही यंत्र ज्या मांडणीत येते त्याच मांडणीत वर्षानुवर्षे वापरतो.

आपल्याकडे कागदाचा प्रश्न केवळ छपाईचा नाही, कार्यपद्धतीचा आहे. एक नस्ती, तिच्यावरील टिपणी, आवक-जावक नोंद, वरिष्ठ कार्यालयाला प्रत, माहितीस्तव आणखी तीन प्रती, आणि त्यातली एक हरवेल म्हणून जवळ ठेवलेली झेरॉक्स. लिपिक कागद उधळत नाही. तो स्वतःला सुरक्षित करत असतो, कारण उद्या लेखापरीक्षणात कागद त्यालाच मागितला जाणार असतो. खरी बचत म्हणूनच नियम बदलल्याने झाली. राज्याने 2015 मध्ये साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकन स्वीकारले आणि अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढली. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या दोन निर्णयांनी जितका कागद, जितका प्रवास आणि जितका मनस्ताप वाचला असेल, तितका कोणत्याही ‘कागद वाचवा’ फलकाने वाचलेला नाही. अडचण इतकीच की सातपुड्याच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला धड नेटवर्क मिळत नाही. जिथे ऑनलाइन अर्ज भरूनही त्याची छापील प्रत घेऊन तालुक्याला यावे लागते, तिथे संगणकीकरणाने कागदात भरच पडते.

नंदुरबारमधला सर्वांत मोठा भार मात्र प्रवासाचा आहे, आणि अभियानांत त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक लागली की धडगावहून गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि तहसीलदार निघतात. चांदसैली घाट उतरून किंवा शहाद्याला वळसा घालून प्रत्येकाची गाडी वेगळी येते, कारण प्रत्येकाचे खाते वेगळे आणि इंधनाची तरतूदही वेगळी. मोलगीहून देवगोई घाटाने येणाऱ्यांचीही हीच स्थिती. कोरोनाच्या काळात दूरदृश्य प्रणालीवरील बैठका अंगवळणी पडल्या. त्या सवयीला नियमाचे रूप देणे, आणि प्रत्यक्ष यावे लागणाऱ्या बैठका एकाच दिवशी लावून तालुक्यातून एकच वाहन काढणे, ही या जिल्ह्यातील सर्वाधिक फळ देणारी पर्यावरणस्नेही कृती ठरेल. ती कोणा एका कर्मचाऱ्याच्या हाती नाही. बैठकीची तारीख ठरवणाऱ्याच्या हाती आहे.

प्रवासाच्या बाबतीत एसटीकडून शिकण्यासारखे बरेच आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि अक्कलकुवा ही आगारे धुळे विभागात येतात. एसटीत इंधनाचा हिशेब ‘केपीटीएल’ने, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर या मापाने होतो, आणि तो चालकनिहाय काढला जातो. इंधन बचतीचा कार्यक्रम दर हिवाळ्यात आगारांत होतो. उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे, क्लचवर पाय ठेवून न चालवणे, टायरमधली हवा तपासणे, विनाकारण जोराचा ब्रेक टाळणे या गोष्टी चालकाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. त्याला त्या कौशल्य म्हणून अंगी बाणवाव्या लागतात आणि चांगला आकडा हा त्याचा मान असतो. नोकरीचा भाग, मोजमाप, कसब आणि प्रतिष्ठा या चारही गोष्टी इथे एकत्र येतात. तुलना मात्र न्यायाची हवी. शहादा-प्रकाशा या सपाट रस्त्यावरच्या चालकाचा केपीटीएल आणि तोरणमाळचा घाट चढणाऱ्याचा केपीटीएल एकाच फळ्यावर एकाखाली एक लिहिला, तर घाटातला चालक हिरमुसतो आणि मोजमापावरचा त्याचा विश्वास उडतो. त्याच मार्गावरच्या मागील वर्षीच्या आकड्याशी तुलना केली तर ती खरी. हीच पद्धत शासकीय जीपच्या लॉगबुकला लावता येईल. आज तिथे किलोमीटर आणि लिटर दोन्ही लिहिले जातात, पण त्यांचा भागाकार क्वचितच कोणी करतो.

गारव्याचा प्रश्न हवामानाशी बांधलेला आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42 अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी वातानुकूलन यंत्र 18 अंशांवर लावले जाते, ते थंडीसाठी कमी आणि अधिकाराच्या खुणेसाठी जास्त. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित यंत्रांचे मूळ तापमान 24 अंश ठरवून दिले आहे आणि एक अंश वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. जपानने 2005 मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेत कार्यालयांचे तापमान उन्हाळ्यात 28 अंश ठेवायला सांगितले, पण त्याआधी कोट आणि टाय काढून ठेवण्याची मुभा दिली. मंत्र्यांनीही तसेच कपडे घातले. कर्मचाऱ्याला सोसायला लावण्याआधी त्याची अडचण दूर करायची, हे त्या मोहिमेचे मर्म होते. नंदुरबारची उष्णता बरीचशी कोरडी असल्याने कूलर इथे चांगला चालतो आणि वातानुकूलन यंत्राच्या मानाने फार कमी वीज घेतो. त्याला पाणी मात्र लागते, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या विरचक धरणाचा साठा नेमका त्याच महिन्यांत खाली गेलेला असतो. त्यामुळे वाळ्याचे पडदे, दुपारच्या उन्हाच्या बाजूला झाडे, पांढरा रंग दिलेली गच्ची आणि 70-75 वॉटच्या जुन्या पंख्यांच्या जागी 30 वॉटच्या आसपास वीज घेणारे बीएलडीसी पंखे हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. यातील कोणतीही गोष्ट कर्मचाऱ्याच्या मनोवृत्तीवर अवलंबून नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकावर आहे.

राज्याने 29 फेब्रुवारी 2020 पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा वीज, पाणी आणि इंधनाची बचत हेही एक कारण सांगितले गेले होते. काही आठवड्यांतच टाळेबंदी आली, त्यामुळे त्या निर्णयाचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढणे अवघड झाले.

साधनसंपत्ती जपण्याचे नंदुरबारचे सर्वांत बोलके उदाहरण पर्यावरणाच्या नावाखाली घडलेच नाही. कोरोनाच्या साथीत तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने 2020 च्या सप्टेंबरमध्ये जिल्ह्यात ऑक्सिजन निर्मिती संयंत्र उभे राहिले, आणि दुसऱ्या लाटेत त्याच्या जोडीला ‘ऑक्सिजन नर्स’ ही व्यवस्था आली. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका नेमून तिने प्रत्येकाची ऑक्सिजन पातळी पुनःपुन्हा पाहायची, गरजेइतकाच प्रवाह ठेवायचा, जेवताना किंवा स्वच्छतागृहात जाताना मुखपट्टी बाजूला असेल तर प्रवाह बंद करायचा. वाया जाणारा प्राणवायू त्यामुळे थांबला आणि राज्याच्या आरोग्य मंत्र्यांनी इतर जिल्ह्यांना तोच मार्ग अनुसरायला सांगितले. ही रचना बारकाईने पाहावी अशी आहे. कोणते साधन वाचवायचे ते एकच आणि स्पष्ट. जबाबदार व्यक्ती ठरलेली. तिला प्रवाह कमी-जास्त करण्याचा अधिकार. मोजण्याचे उपकरण हातात. आणि वाचवलेले कोणाच्या उपयोगी पडणार ते शेजारच्या खाटेवर दिसणारे. वीज-पाण्याच्या अभियानांत यातल्या बहुतेक गोष्टी नसतात. इमारतीच्या प्रत्येक मजल्याला एक ‘वीज पाहणारा’ नेमून त्याला स्विचबोर्डाचा अधिकार आणि महिन्याचा मीटर-आकडा दिला, तर हाच नमुना कार्यालयात उतरतो.

रुग्णालयांतील कचऱ्याची व्यवस्थाही त्याच अंगाने यशस्वी झाली आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे डब्यांचे रंग ठरवले आणि कचरा जिथे निर्माण होतो तिथेच तो वेगळा करायला लावले. डबा हाताशी असला की वर्गीकरण होते. तो व्हरांड्याच्या टोकाला असला की होत नाही. साध्या कार्यालयात ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा प्रयत्न बहुधा दुसऱ्याच टप्प्यावर मोडतो. कर्मचारी दोन डब्यांत टाकतात, सफाई कामगाराकडे एकच पोते असते, घंटागाडीत कप्पे नसतात किंवा वापरले जात नाहीत, आणि सगळे पुन्हा एक होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कर्मचारी दुसऱ्या दिवसापासून वर्गीकरण सोडून देतो. सफाई कामगार, शिपाई आणि चालक यांना नियोजनाच्या बैठकीत कधी बोलावले जात नाही, आणि प्रत्यक्ष वाया जाणारे पाणी, वीज, डिझेल त्यांच्याइतके कोणालाच दिसत नाही. ही उणीव गंभीर आहे.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर राज्याने 23 मार्च 2018 रोजी बंदी घातली, देशभर ती 1 जुलै 2022 पासून आली. बैठकीतल्या पाण्याच्या बाटल्यांचा प्रश्न तरी उरतोच. त्याला उपाय साधा आहे: माठ, स्टीलचे पेले आणि ते धुण्यासाठी माणूस. शेवटची गोष्ट नसल्याने पहिल्या दोन अडगळीत जातात. बंद पडलेल्या संगणकांचे आणि बॅटऱ्यांचे तसेच होते. डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखन झाल्याशिवाय वस्तू हलवता येत नाही, आणि ती प्रक्रिया अंगावर घ्यायला कोणी तयार नसते. 2025 च्या आरंभी राज्य शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयीन स्वच्छता आणि जुन्या वस्तूंची विल्हेवाट हा मुद्दा आला, तेव्हा ही कोंडी काही प्रमाणात फुटली. मात्र ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच गेला पाहिजे, भंगारवाल्याकडे नव्हे.

खासगी आणि हंगामी कामाच्या ठिकाणी प्रश्नाचे रूप बदलते. मिरचीच्या पथारीवर रोजंदारीने देठ खुडणाऱ्या स्त्रीला पर्यावरणस्नेही वागणुकीचे आवाहन करणे अन्यायाचे आहे. तिला आधी तिखटाच्या खकाण्यापासून संरक्षण, सावली आणि पिण्याचे पाणी हवे. तिथे जबाबदारी मालकाची. नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांनी फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू पाहिला आणि त्यानंतर पादत्राणे निर्जंतुक करणे, मेलेले पक्षी ठरलेल्या खड्ड्यात पुरणे, बाहेरच्या वाहनांना आत न घेणे या सवयींचे महत्त्व तिथे सर्वांना कळले. स्वतःचे आरोग्य, धंद्याचे भवितव्य आणि परिसराची सुरक्षितता एकाच कृतीत आली की सवय पटकन रुजते.

बक्षिसांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पैशाचे बक्षीस थांबले की वागणूकही थांबण्याचा धोका असतो. सहकाऱ्यांचे वागणे मात्र टिकाऊ परिणाम करते. अमेरिकेतील गोल्डस्टीन, सियाल्डिनी आणि ग्रिस्केविसियस यांनी 2008 मध्ये दाखवले की हॉटेलातील पाहुण्यांना ‘पर्यावरण वाचवा’ म्हणण्यापेक्षा ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला’ असे सांगितले तर अधिक जण तसे करतात. कॅरिको आणि रीमर यांच्या 2011 च्या अभ्यासात विद्यापीठाच्या इमारतींत गटाला दर महिन्याला वीजवापराचा आकडा कळवल्यावर वापर सुमारे 7 टक्क्यांनी घटला. रेमस आणि स्टेगर यांनी 2000 मध्ये युरोपीय कंपन्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून थेट वरिष्ठाच्या पाठिंब्याचे महत्त्व मांडले होते.

वरिष्ठाचा मुद्दा आपल्याकडे बदलीशी येऊन ठेपतो. उत्साही अधिकारी येतो, आवारात कंपोस्टचा खड्डा होतो, सायकलचा दिवस ठरतो, मीटरचे आकडे फळ्यावर लागतात. दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते आणि खड्डा कोरडा पडतो. उपक्रम व्यक्तीच्या नावाने ओळखला गेला की तो व्यक्तीबरोबर जातो. त्यावर इलाज म्हणजे ती नोंद कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत आणि वार्षिक तपासणीच्या नमुन्यात घालणे; नव्या अधिकाऱ्याला मग ती इतर नोंदींसारखीच पुढे न्यावी लागेल. विभागप्रमुखांनी यासाठी नवी समिती नेमण्याची किंवा नवे पोर्टल मागण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला लागणारी तिन्ही कागदपत्रे, म्हणजे महावितरणचे मासिक बिल, वाहनाचे लॉगबुक आणि कागदाच्या रिमांची साठा नोंदवही, जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय कार्यालयात आजही ठेवली जातात.